पोचवायचं राहिलेलं सामान

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, जे गृहस्थ राहायचे त्यांना सगळी गल्ली बिऱ्हाडमामा म्हणायची. लोकांची बिऱ्हाडं हलवणं हा त्यांचा धंदा. एक जुना ट्रक, त्याहून जुना ट्रकवाला, ढीगभर घोंगड्या, सुतळीचे गुंडे आणि स्वतःची पाठ एवढ्या भांडवलावर त्यांनी निम्मं शहर या घरातून त्या घरात नेऊन ठेवलं होतं. लहान पोरं त्यांना मामा म्हणत आणि त्या पोरांचे आजोबाही मामाच म्हणत. त्यांचा सख्खा जावईसुद्धा मामाच म्हणायचा. आता जावयाने सासऱ्याला मामा म्हणण्यात नात्याच्या दृष्टीने काहीच चूक नाही. "गल्लीत हा एकटाच यांना बरोबर हाक मारतो," असं मामी म्हणायच्या.

मामा दिसायला कपाटासारखे. रुंद, चौकोनी आणि भिंतीला टेकून उभे राहिले की तिथलेच वाटणारे. केस पिकले, नातीचे आजोबा झाले, पण पाठ काही म्हातारी व्हायला तयार नव्हती. पाठीवर फ्रीज घेऊन जिना चढताना समोरून कुणी ओळखीचं आलं की ते थांबून गप्पा मारायचे. बोलणाऱ्यालाच अवघडायचं.

"मामा, आधी ते खाली ठेवा ना."

"कशाला? परत उचलावं लागेल."

आणि मग फ्रीजसकट समोरच्याच्या आईच्या तब्येतीची सविस्तर चौकशी व्हायची.

बिऱ्हाड हलवण्यात वजनाचा त्रास फार नसतो, त्रास माणसांचा असतो, हे मामांनी फार आधी ओळखलं होतं. कुठल्याही घरात शिरून "हे टाकायचं का?" असं विचारलं की उत्तर एकच यायचं, "राहू दे." बंद पडलेला पंखा? राहू दे. झाकण हरवलेला डबा? राहू दे. डबा हरवलेलं झाकण? ते तर राहूच दे, कधीतरी डबा सापडेल. या राहू देच्या ओझ्याखाली ट्रक वाकायचा. म्हणून मामांनी स्वतःची एक रीत बसवली. ज्या ज्या वस्तूबद्दल घरात दुमत असेल ती ते काही न विचारता आधी खाली नेऊन फुटपाथवर मांडायचे. मग घरातल्या सगळ्यांना खाली बोलावून रांगेत उभं करायचे आणि खर्जातल्या आवाजात म्हणायचे, "हे सामान तुमचं नाही. कुणीतरी रस्त्यात सोडून गेलंय असं समजा. आता सांगा, यातलं काय उचलून वर न्याल?" जे हवं असेल ते परत वर नेऊन बाकीच्या सामानात बांधायचं, असा नियम.

लोक बघत राहायचे. तोच पंखा, तोच डबा. पण आता तो परका दिसायचा. नवरा बायकोकडे बघायचा, बायको नवऱ्याकडे, आणि दोघंही म्हणायची, "काही नको, जाऊ द्या." मग हलकी होऊन नव्या घरी जायची आणि मामांचं नाव काढायची. या युक्तीवर मामांचा धंदा चालायचा आणि मामांना तिचा सार्थ अभिमान होता.

आता लोकांनी फुटपाथवर सोडलेल्या या वस्तू पुढे कुठे जायच्या, हे कुणी विचारत नसे. आम्हाला विचारायची गरज नव्हती. त्या आमच्या डोक्यावर जायच्या.

मामांच्या घरात शिरायचं म्हणजे पोट आत घेऊन आडवं शिरायचं. दाराशीच उभे राहणारे दिवे, एकामागे एक, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. त्यांच्या पलीकडे दातांच्या डॉक्टरची खुर्ची. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हाची. मग मासे नसलेली काचपेटी, तिच्यात कांदे. एक भलामोठा पृथ्वीचा गोल, ज्याच्यावरचे काही देश आता नकाशात नाहीत. कोपऱ्यात शिंप्याच्या दुकानातला डोकं नसलेला पुतळा, त्याच्या अंगात मामांचा रेनकोट. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्या पुतळ्याला नमस्कार केला होता. मामींनी तसं पुढे कधी बोलून दाखवलं नाही, पण चहा देताना हसू दाबलं होतं एवढं खरं.

"अहो मामी, हे सगळं लागतं कशाला?" मी विचारलं होतं.

"मला विचारू नका. ज्या माणसाने सगळ्या शहराला वस्तू सोडायला शिकवलं, त्याच्याशी मी लग्न केलंय. माझ्या वाट्याला शहराने सोडलेल्या वस्तू आल्या."

मामांचा जावई कॉलेजात शिकवायचा. शहाणी माणसं वेड्यासारखी का वागतात, हा त्याचा विषय. गोरागोमटा, चष्मेवाला, अतिशय गोड स्वभावाचा. कुणी काही मूर्खपणा केला की तो चिडायचा नाही, उलट डोळे चमकवून त्या मूर्खपणाला नाव द्यायचा. मामांची युक्ती ऐकून तो हरखून गेला होता. "मामा, याला स्वामित्वमोह म्हणतात. वस्तू आपली झाली की माणसाला ती आहे त्यापेक्षा भारी वाटते. तुम्ही ती आधी परकी करता आणि मोह तुटतो."

"स्वामित्वमोह," मामांनी शब्द तोंडात घोळवला. "एखाद्या औषधाचं नाव वाटतं. जेवणानंतर घ्यायचं."

पुढे जावयाने स्वतःचं घर बदललं तेव्हा अर्थातच मामांनीच हलवलं आणि अर्थातच युक्ती केली. फुटपाथवर त्याची व्यायामाची सायकल उभी होती. जावयाने सायकलच्या दांडीवर हात ठेवून तिथे जमलेल्या सगळ्यांना स्वामित्वमोह इतका सुंदर समजावून सांगितला की शेजारच्या इमारतीचा वॉचमनही ऐकत उभा राहिला. मग जावई म्हणाला, "म्हणून मी हे सगळं सोडतोय. सायकलचं वेगळं आहे. ती मी खरंच वापरणार आहे."

सायकल वर गेली. तिच्यावर आजतागायत शर्ट वाळतात.

तर या जावयाने एकदा एक पाहणी केली. एका बाजूला त्याने त्याच्याच विषयातले विद्वान गाठले, दुसऱ्या बाजूला ट्रकतळावरचे मामांचे व्यवसायबंधू. दोघांनाही मामांची युक्ती सांगितली आणि विचारलं, लोक किती सामान सोडतील? का सोडतील? आणि तुमच्यावर कुणी ही युक्ती केली तर तुम्ही किती सोडाल? मग तो मामांबरोबर बऱ्याच बिऱ्हाडांना गेला आणि खरोखर काय होतं ते बघून आला. एका दुपारी त्याचं हे सगळं वृत्त वरच्या मजल्यावर सांगणं चालू होतं. मी काचपेटी आणि पुतळा यांच्या मधल्या फटीत बसून ऐकत होतो.

"लोक सामान सोडतात, एवढं दोघांनीही ओळखलं," जावई म्हणाला. "पण किती, ते कुणालाच जमलं नाही. विद्वान एका बाजूला चुकले, ट्रकतळ दुसऱ्या बाजूला."

"आणि का सोडतात?" मामींनी विचारलं.

"विद्वान म्हणाले, प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्यामुळे. ट्रकतळ म्हणाला, लाजेमुळे. रस्त्यावर चार माणसं बघतात, त्यांच्यादेखत फुटका डबा उचलायची लाज वाटते."

"आणि हे काय म्हणाले?"

"मामा म्हणाले, आवाजामुळे."

"आहेच माझा आवाज तसा," मामा खर्जात म्हणाले. दिव्यांच्या काचा किंचित हलल्यासारख्या वाटल्या.

"पण एका प्रश्नावर सगळ्यांचं कमालीचं एकमत झालं," जावई पुढे म्हणाला. "तुमच्यावर ही युक्ती केली तर तुम्ही किती सोडाल? सगळे म्हणाले, सगळंच सोडू. विद्वान म्हणाले, आम्हाला हे माहीत असतं म्हणून. ट्रकतळ म्हणाला, आम्ही रोज बघतो म्हणून."

मामींनी सावकाश एकेका दिव्याकडे बघितलं. मग खुर्चीकडे, मग गोलाकडे. मग जावयाकडे वळून अतिशय मायेने म्हणाल्या, "तुमची सायकल बरी आहे ना?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. पण त्याच सुमारास लेकीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, तळमजल्यावरची एक जागा रिकामी झाली. दोन खोल्या आणि पुढे छोटासा ओटा. आमच्या इमारतीत मामी तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट ही गोष्ट आमच्याकडे फक्त बोलण्यात होती. मामींचे गुडघे जिन्यावर मामींच्या आधी बोलायचे. त्या आठवड्यातून एकदा खाली उतरायच्या आणि वर येताना प्रत्येक मजल्यावर बसून घ्यायच्या. आमच्या दारातल्या पायरीला आम्ही त्यांचं स्टेशनच म्हणायचो. नात चालायला लागली ते त्यांनी फोनवर पाहिलं. तेही पहिलं पाऊल पडलं तेव्हा लेकीचा अंगठा कॅमेऱ्यावर होता.

"मी पडदा कुठला लावायचा तेही ठरवलंय," मामी एकदा पायरीवर बसल्या असताना म्हणाल्या. "ओट्यावर बसायचं आणि समोर हाक मारायची. एवढंच हवंय मला."

मामा नाही म्हणत नव्हते. ते कधीच नाही म्हणत नसत. ते म्हणायचे, "जायचंच आहे. फक्त सामान मावत नाही, त्याचं काहीतरी बघतो." बघता बघता दोनदा तारीख पुढे गेली. शेवटी त्या जागेच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला की रविवारी संध्याकाळपर्यंत सामान आलं तर जागा तुमची, नाहीतर दुसरं एक कुटुंब किल्ल्या घ्यायला तयार बसलंय.

मामींनी निरोप ऐकला, पदर खोचला आणि नवऱ्याला शांतपणे सांगितलं, "अहो, मी रविवारी जाणार. तुम्हाला यायचं असेल तर या. नसेल तर या पुतळ्याला सांगा स्वयंपाक करायला."

"अगं, जाऊ या की. दुसऱ्यांची एवढी घरं हलवली, आपलं म्हणजे हातचा मळ. दुपारीच आटपेल."

"मी सकाळी लवकर येतो," जावई म्हणाला. "उजाडताच."

रविवारी ऊन खिडकीतून पार आत आलं तेव्हा जावई उगवला. येतायेताच म्हणाला, "मामा, आज तुमची युक्ती तुमच्यावर."

"बेलाशक," मामा म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

आणि त्यांनी खरोखर नियमाप्रमाणे केलं. दिवे, खुर्ची, गोल, काचपेटी, पुतळा, शिड्या, आरसे, आणखी काय काय, सगळं एकट्याने खाली नेऊन फुटपाथवर मांडलं. कुणाला हात लावू दिला नाही. अर्धी गल्ली बघायला जमली. ट्रकवाला ट्रकमध्ये झोपला होता. त्याने आयुष्यात बरीच बिऱ्हाडं बघितली होती, हे जागं होऊन बघण्यासारखं त्याला वाटलं नाही. मामी जिना उतरून आल्या, आणि बसायला दुसरं काही नाही म्हणून दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत टेकल्या.

जावयाने घसा साफ केला. त्याने आवाज शक्य तितका खाली नेला, पण तो मध्येच चिरकला.

"मामा, हे सामान तुमचं नाही. कुणीतरी रस्त्यात सोडून गेलंय. हा दिवा तुम्ही उचलून घरी न्याल?"

मामांनी दिव्याकडे नीट निरखून पाहिलं. "छे. काय करायचाय?"

जावयाने विजयी मुद्रेने मामींकडे बघितलं. तोवर मामांनी दिवा उचलून खांद्यावर टाकला होता आणि ते जिन्याकडे निघाले होते.

"मामा, कुठे?"

"वर."

"पण तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच म्हणालो. मला नकोच आहे तो. पण म्हणून काय रस्त्यावर ठेवायचा?"

आणि गेले. खाली येऊन हात झटकत म्हणाले, "हं, पुढचं विचारा."

गोल? नको. गोल वर गेला. आरसा? अजिबात नको. आरसा वर गेला. जावयाने प्रश्न बदलून पाहिला, शब्द उलटसुलट करून पाहिले, एकदा तर डोळे मिटायला सांगितलं. मामांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले, नको म्हणाले, डोळे उघडले आणि शिडी उचलली. इतक्या प्रामाणिकपणे नियम पाळणारा आणि इतक्या प्रामाणिकपणे तो निष्फळ करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. प्रत्येक खेपेला त्यांची चाल अधिकच तरतरीत होत होती. माझी बायको खिडकीतून म्हणाली, "मामांना आज सुट्टीच्या दिवशी किती छान व्यायाम होतोय."

गल्लीला मजा वाटत होती. पण ऊन डोक्यावरून पलीकडे सरकलं, ट्रक रिकामाच होता, आणि मामी आता हसत नव्हत्या. त्यांनी खुर्चीतूनच लेकीला फोन लावला.

"अगं, बहुतेक आजही जमत नाही बघ," त्या म्हणाल्या. "नाही गं, रडत कशाला असेन. पोरीला झोपव तू. मालकीणबाईंना मी सांगते."

मामा तेव्हा काचपेटी खांद्यावर घेऊन पहिल्या मजल्याच्या वळणावर होते. जिन्याच्या खिडकीतून त्यांना सगळं ऐकू गेलं असावं. कारण पावलं थांबली. मग काच दगडावर टेकल्याचा आवाज आला. मामांनी भर जिन्यात ओझं खाली ठेवलं होतं. मामांच्या खेपांमध्ये आजवर असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

ते खाली आले आणि खुर्चीशेजारी फुटपाथवर बसले. सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळायला लागले.

"तुला वाटतं मला ह्या वस्तू सोडवत नाहीत," ते म्हणाले.

"मला वाटायचं काय त्यात. दिसतंय की."

"तसं नाही गं ते. मी कुणाचंही सामान उचललं की ते पोचवतो. आजपर्यंत एक चमचा मध्ये राहिला नाही माझ्याकडून. आता हे लोक माझ्या सांगण्यावरून ह्या वस्तू रस्त्यात सोडून हसत हसत निघून गेले. उचलल्या तर मीच होत्या. पण पोचवायच्या कुठे, ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून घरी ठेवल्या." त्यांनी दिव्यांकडे हात केला. "हे माझं सामान नव्हेच. पोचवायचं राहिलेलं सामान आहे."

जावई चष्मा काढून पुसायला लागला. "म्हणजे हा स्वामित्वमोह नाहीच."

"औषधाचं नाव वाटतं, एवढंच म्हणालो होतो मी. माझं औषध ते नव्हे."

"इतकी वर्षं मी तुमचं उदाहरण वर्गात देतोय, मामा."

"आणि मी इतकी वर्षं समजत होते की यांना हाव आहे," मामी म्हणाल्या. "अहो, मग बोलायचं नाही का कधी?"

"तू विचारलंस का कधी?"

"शंभरदा विचारलं. तुम्ही म्हणायचात, राहू दे."

मामांनी बोटावरची सुतळी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. हे 'राहू दे' त्यांच्याच धंद्यातलं होतं.

तेवढ्यात हातात दोन पिशव्या घेतलेल्या एक बाई थांबल्या. पलीकडच्या गल्लीतल्या असाव्यात, इकडची हकीकत त्यांना माहीत नव्हती. त्यांनी एका दिव्याच्या टोपीवरची धूळ बोटाने पुसली. "हा कुणाचा आहे हो? माझ्या सासऱ्यांना वाचायला असाच हवा होता. पण मला न्यायला जमणार नाही म्हणा."

मामांची मान एकदम वर झाली. "कितवा मजला?"

"चौथा. आणि आमची लिफ्ट बंद पडलीय."

मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो लेकीच्या लग्नातही मी पाहिला नव्हता. तिथे बिचाऱ्यांना काही उचलायला मिळालं नव्हतं. त्यांनी घोंगडी काढली, दिवा बाळासारखा गुंडाळला, बाईंच्या पिशव्याही स्वतःकडे घेतल्या आणि पलीकडच्या गल्लीत दिसेनासे झाले. परत आले ते वेगळेच होऊन. "म्हातारबुवांच्या उशाशी ठेवला. लगेच पुस्तक उघडलं त्यांनी," ते म्हणाले, आणि उरलेल्या सामानाकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू प्रत्येक वस्तूवर पत्ता लिहिलाय, फक्त तो वाचायचा राहिलाय.

"मामा, रस्त्यातली जुनी वस्तू फुकट दिली तर लोक उलट संशय घेतात," जावई म्हणाला. "फारसं कुणी घेणार नाही. हा अगदी अभ्यासलेला—" एवढं म्हणेपर्यंत कोपऱ्यावरचा न्हावी खुर्चीभोवती फिरायला लागला होता. मला स्वतःला वाटत होतं की लोक घेतील, पण आपसात भांडतील. कुणी भांडलं नाही. मामा प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारत, मजला कितवा आणि जिना किती रुंद. मजला वरचा असला की त्या माणसाला झुकतं माप मिळायचं. खालच्या मजल्यावरच्या एकाने आरशासाठी आपण गच्चीवर राहतो असं ठोकून दिलं, इतकी मामांच्या आवडीची कीर्ती पसरली.

आणि जे मामांनी सकाळभर वर नेलं होतं ते आता पुन्हा खाली यायला लागलं. जावईही मदतीला लागला. पृथ्वीचा गोल पोटाशी धरून तो तिसऱ्या मजल्यावरून निघाला आणि आमच्या दाराशी येऊन, मामींच्या स्टेशनवर, मटकन बसला. घामाने चष्मा घसरला होता.

"कळलं," तो धापा टाकत म्हणाला. "मामा, कळलं मला. शब्द नाहीत. लाज नाही. आवाजही नाही."

"मग काय?" मामा दोन आरसे घेऊन त्याच्यावरून पुढे जात म्हणाले.

"जिना. एकदा खाली आलेलं परत वर न्यायचा कंटाळा, बस. लोक काय न्यायचं याचा विचारच करत नाहीत, जिन्याकडे बघतात आणि जाऊ द्या म्हणतात. तुमच्यावर युक्ती चालली नाही, कारण तुम्हाला कंटाळाच येत नाही. आणि माझी सायकल तुम्ही वर नेलीत, मी नाही. मला न्यायला लागली असती तर मीही सोडली असती."

एवढ्या मेहनतीची पाहणी अशी जिन्यात कोसळली आणि हा पठ्ठ्या त्या गोलावर थाप मारून हसत होता. विद्वान माणसाला आपण चुकलो हे कळल्यावर इतका आनंद होताना मी पहिल्यांदाच बघितला. मामा मात्र वळणावर थबकले होते. जरा वेळाने खालून खर्जात आवाज आला, "आवाजाचाही थोडा भाग असेल की."

"असेल, मामा. थोडा असेल," जावई म्हणाला.

न्हाव्याने खुर्ची मागितली तेव्हा मामींना उठवावं लागलं. "गिऱ्हाईक बसल्याबसल्या तोंड उघडेल, मी दाढी करायची की दात मोजायचे?" न्हावी विचारत होता, पण खुर्ची त्याला मनापासून हवी होती. मामी उठल्या आणि खुर्चीच्या हातावरून हात फिरवत तिथेच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही. दुपारची डुलकी मी हिच्यातच काढते ना इतकी वर्षं. पाठ मागे करता येते हिची. जरा वाईट वाटतंय, एवढंच."

मामा आणि जावई यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच दोघांचं निदान जुळलं होतं. पण दोघंही शहाणे, बोलले नाहीत. मामीच पुढे म्हणाल्या, "बघता काय? न्या तिला. मला ओट्यावर बसायचंय."

खोटं कशाला सांगू, मी काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. आमच्या घरी दिव्यांची अजिबात वाण नाही. पण मामांनी विचारलं, "तुमच्याकडे पोचवू का एक?" आणि ते विचारताना त्यांचा चेहरा असा होता की मी हो म्हणून बसलो. एक मजला, तोही उतरायचा, पण त्यांनी दिवा घोंगडीत गुंडाळला, सुतळीने बांधला आणि आमच्या दारात उभं राहून बायकोला विचारलं, "वहिनी, कुठे ठेवू?" तिने माझ्याकडे बघितलं. मग कोपरा दाखवला.

उन्हं कलली तेव्हा ट्रक निघाला. आत एक पलंग, दोन कपाटं, स्वयंपाकघर, कांदे आता पिशवीत, आणि मागे कितीतरी मोकळी जागा. ट्रकवाला जागा झाला, मागे डोकावला आणि म्हणाला, "मामा, बाकीचं दुसऱ्या खेपेला का?"

"बाकीचं पोचलं," मामा म्हणाले.

मी आणि जावई मागे उभे राहून गेलो. नव्या घरासमोर मालकीणबाई किल्ल्या घेऊन दारातच होत्या, आणि त्यांच्या शेजारी ते दुसरं कुटुंबही, आजीबाईंपासून सगळं, अगदी तयारीने उभं. मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं. मामींनी पुढे होऊन हात पसरला आणि किल्ल्या त्या हातात पडल्या. त्या कुटुंबाचीही वरच्या गल्लीतली एक जागा ठरत आलीय असं त्यांच्याशी बोलताना मामांना कळलं. तिचा जिना अरुंद आहे हे ऐकून त्यांनी तिथल्या तिथे त्यांचं बिऱ्हाड हलवायचं काम घेऊन टाकलं.

सामान आत घ्यायला फार वेळ लागला नाही. जावई म्हणाला होता रात्र होईल, मामा म्हणाले होते दुपारीच आटपेल, दोघांचंही चुकलं. भिंतीला कपाट लावून मामा मागे सरकले, आणखी मागे सरकले, आणि मागे काहीच लागलं नाही म्हणून जरा गोंधळले.

"अगं, ह्या डब्यांचं खोकं कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. आम्ही बाहेर आलो. मामी ओट्यावर होत्या, पण बसल्या नव्हत्या. समोरच्या दारात लेक उभी होती आणि तिच्या पायाशी झोपेतून उठलेली, केस विस्कटलेली नात, उंबऱ्याला धरून.

मामींनी हाक मारली. पोरीने उंबरा सोडला आणि दोन पावलं टाकली, मग आणखी, हात पंखासारखे धरून. या वेळी कुणाचा अंगठा मध्ये नव्हता. मामी ओट्याच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडून कधी गेल्या ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. गुडघ्यांनी काही कळवलंच नाही.

मामा खोकं हातात घेऊन ओट्यावर तसेच उभे राहिले. मग पलीकडून मामींचाच आवाज आला, नातीला कडेवर घेतलेला, थोडा धापा टाकणारा.

"अहो, ठेवा ते कुठेही. चहा इकडे टाकलाय."